न आलेल्या कायद्याचं काटेकोर पालन

आत्याच्या गिरणीच्या ओट्यावर त्या सकाळी पुढील वस्तू होत्या: ज्वारीचे नऊ डबे, गव्हाचे पाच, हरभऱ्याच्या डाळीचा एक, प्लास्टिकच्या चार खुर्च्या, पैकी बसण्याजोग्या तीन, एक वजनकाटा, आणि निवडणूक पत्रकांचा एक गठ्ठा, ज्यावर आत्याचं नाव बरोबर आणि प्रभागाचा क्रमांक चुकीचा छापून आला होता. माणसं तीन. तिसरी मी.

ही मोजामोज करायची सवय मला एम.एस्सी.नं लावली. नांदेडला असताना विष्णुपुरीच्या जलाशयाचं पाणी बाटल्यांत भरून त्याचा गढूळपणा मोजणं, एवढंच मी दोन वर्षं केलं. नोकरी लागेपर्यंत उदगीरला आत्याकडे येऊन राहिले होते. घरच्या भाषेत याला 'सृष्टी सध्या पुढची तयारी करतेय' म्हणतात आणि गल्लीच्या भाषेत 'रिकामीच हाय'.

दुसरी व्यक्ती म्हणजे किशनरावकाका. कोषागारातून निवृत्त होऊनही त्यांच्या आवाजातून कोषागार निवृत्त झालेलं नाही. ते रोज गिरणीवर येऊन पेपर वाचतात, आणि गिरणी चालू असते म्हणून ओरडून वाचतात. आमच्या गिरणीवर कुणीच बोलत नाही, सगळे ओरडतात. त्यामुळे आमच्या गल्लीत गुपित हा पदार्थ फार दिवस टिकत नाही, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला, पण ते पुढं.

"ऐका, शिवगंगाताई!" काका ओरडले. "ऑनलाइन राजकीय देणगी देणाऱ्याची ओळख काटेकोर तपासणार! कायद्याचा मसुदा आला! नाव, कार्ड, चेहरा, सगळं जुळलं पाहिजे! न्हाईतर देणगी परत!"

"कवापासून?" आत्यानं हॉपरमध्ये ज्वारी ओतत विचारलं.

"अजून मसुदाच हाय. मंजूर व्हायला वरीस लागंल, न्हाईतर दहा."

एवढ्यावर हा विषय पिठासारखा डब्यात गेला असता. पण त्याच वेळी गल्लीत दगडोबाअण्णांची प्रचाराची रिक्षा शिरली.

आमच्या प्रभागातली जागा यंदा महिलांसाठी राखीव झाली होती. दगडोबाअण्णा दोन वेळचे नगरसेवक. गिरणीसमोरची नाली तुंबते, हे आत्यानं त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी त्यांनी गिरणीवरून जाणंच सोडलं. जागा राखीव झाल्यावर त्यांनी बायकोला, ऋतुजावहिनींना, उभं केलं. फलकावर अण्णांचा फोटो दरवाजाएवढा आणि वहिनींचा कडीएवढा. वहिनी आमच्याच गल्लीत शिवणक्लास चालवतात आणि अंदाज न घेता बाही कापत नाहीत, याहून जास्त कुणाला त्यांच्याबद्दल ठाऊक नव्हतं. अण्णांच्या विरोधात कुणी उभं राहीना, म्हणून आत्या उभी राहिली. तिसऱ्या एका उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला. उरल्या दोघी.

आत्याकडे प्रचाराला पैसे नव्हते. तिनं बँकेत निवडणुकीचं वेगळं खातं काढलं, त्याचा क्यूआर कोड हॉपरला चिकटवला आणि दळण घ्यायला येणाऱ्यांना सांगितलं, "द्यायचे तर द्या, न्हाई दिले तरी दळण तेवढंच बारीक मिळंल." लोकांनी दिले. कुणी एकावन्न, कुणी एकशे एक.

तर रिक्षा शिरली, आणि भोंगा म्हणाला, "गिरणीवालीला पैसा पुरवतंय कोण? देणगीदारांची ओळख काय? बाहेरचा पैसा, बाहेरचा डाव!"

आत्या तशीच उतरली. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. तिनं रिक्षा अडवली, आत हात घालून माइक घेतला आणि म्हणाली, "हे बगा! नवा कायदा यायचाय म्हणं. मी तो यायच्या आदीच पाळते! मला देणगी दिलेल्या एकेक माणसाची वळख पटवून दाखवते. अर्ज मागं घ्यायच्या दिवशी, तीनच्या आत. एक जरी माणूस अनोळखी ऱ्हायला, तर मी माझा अर्ज मागं घेते! जात्यावर हात ठिवून सांगते!"

रिक्षावाल्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. त्याला ते भाषण आवडलं. त्यानं ते दिवसभर सगळ्या प्रभागात वाजवलं, अण्णांच्या डिझेलवर.

आत्यानं अर्ज मागं घेतला की ऋतुजावहिनी बिनविरोध, हा हिशेब अण्णांनी रिक्षा गल्लीबाहेर पडायच्या आत केला असावा. आत्यानं तो रात्री जेवताना केला.

"सृष्टे," ती म्हणाली, "हे वळख पटवायचं तूच बगायचं. तू सायन्स केलीस की."

मी गढूळपणा मोजला होता, चेहरे नव्हे. पण ज्याला काही मोजता येतं त्याला सगळं मोजता येतं, अशी आमच्या घरात श्रद्धा आहे. शिवाय माझा स्वाभिमानही जागा झाला. इंटरनेटवर चेहरे जुळवणारी एक फुकट प्रणाली मिळाली. एका बाजूला कार्डावरचा फोटो, दुसऱ्या बाजूला समोरचा चेहरा, आणि उत्तर टक्क्यांत. ऐंशीच्या वर 'ओळख पटली'. समोर जिवंत माणूसच आहे ना, हे पाहण्यासाठी ती डोळे मिचकवायला सांगायची. मी ती फोनवर बसवली आणि शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे पहिली चाचणी स्वतःवर घेतली.

त्रेचाळीस टक्के. ओळख पटली नाही.

दिवा बदलला, भिंत बदलली, केस मागं घेतले. एकेचाळीस. माझ्या कार्डावरचा फोटो अकरावीतला आहे. कॅमेरावाल्यानं "हलू नका" म्हणून खेकसल्यावर जो चेहरा झाला, तो सरकारदरबारी कायम झालेला. शेवटी मी तसाच घाबरलेला चेहरा केला तेव्हा ब्याऐंशी आले. म्हणजे मी मी आहे, पण घाबरल्यावर. ही नोंद मी करून ठेवली.

आत्याचे अडतीस आले. तोंड धुतल्यावर एक्क्याण्णव.

"बगा," किशनरावकाका म्हणाले, "पिठाचा परिणाम त्रेपन्न टक्के."

दुसऱ्या दिवशी काकांच्या सल्ल्यानं मी निवडणूक कार्यालयात गेले. गिरणीवर कॅमेरा लावून लोकांचे चेहरे तपासायचे तर आचारसंहितेच्या काळात परवानगी असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. कार्यालयातल्या लिपिकांनी माझा अर्ज शेवटपासून सुरुवातीपर्यंत वाचला.

"कोणत्या कलमाखाली?"

"कायदा अजून झालेला नाही, सर. मसुदा आहे."

"मंग पाळताय कशाला?"

"आधीच पाळायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, झालेले कायदे लोकांनी पाळावेत म्हणून आमचं अर्धं आयुष्य गेलं. तुमच्यासारखं कुणी आलं न्हाई कधी. पण न झालेला कायदा पाळायला परवानगी द्यायची तर ती नस्ती कुठल्या टेबलावर ठेवू?"

"मग परवानगी नको?"

"नको असं मी म्हणलो का? नको असंही लेखी द्यावं लागंल. त्याला साहेब पाहिजेत. साहेब लातूरला बैठकीला गेलेत."

मी परत आले. ओट्यावर काका नवी माहिती घेऊन बसले होते. लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती अशा गोळा करून ठेवायच्या नसतात, त्याचे नियम मात्र आधीच झालेले आहेत. म्हणजे न आलेला कायदा पाळायला निघालो तर आलेला मोडत होता. तेव्हा ठरलं: कार्ड बघायचं, जुळवायचं आणि तिथंच पुसून टाकायचं. मी गढूळ पाण्याच्यासुद्धा बाटल्या जपून ठेवणारी. मला हे पुसणं फार जड गेलं.

तपासणीच्या पहिल्या सकाळी रांग लागली. दळणाला आलेल्यांची आणि ओळख पटवायला आलेल्यांची रांग एकच झाली, आणि ज्यांना नुसतं दळण हवं होतं त्यांचीही ओळख दोनदा पटली.

अडचण डोळे मिचकवण्यात आली. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणायची, "कृपया डोळे मिटा." आमच्या गल्लीत डोळे मिटा म्हटल्यावर माणूस हात जोडतो. मिटलेले डोळे मग तो लवकर उघडत नाही. कुलदैवत, मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, सगळं मागून होईपर्यंत मागची रांग थांबते. सिंधुकाकूंचं नुकतंच मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांचा एक डोळा हिरव्या पट्टीखाली.

"एकच मिचकवते," त्या म्हणाल्या. एकच मिचकवला. पट्टीकडे बघून प्रणालीनं त्यांना 'वस्तू' म्हणून घोषित केलं.

"वस्तू?" काकू म्हणाल्या. "सून म्हणती ती वेगळी गोष्ट हाय. तुझ्या मोबाइलनं म्हणायचं काय कारण?"

मी डोळ्यांची अट काढून टाकली आणि त्याऐवजी 'मान डावीकडे, मान उजवीकडे' हा पर्याय निवडला. या बदलाचे परिणाम काय होतील याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. प्रयोगात एक घटक बदलला की दुसरं काहीतरी हलतं, हे मला पुस्तकात शिकवलं होतं.

अकराच्या सुमारास मोंढ्यातले संगप्पामामा आले. मोंढ्यात त्यांची आडत आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात स्वच्छ पांढरा सदरा आणि काखेत चौकट.

"शरणु शरणार्थी," ते म्हणाले. "देणगी आप्पांच्या नावानं हाय. वळख त्यांची पटवा."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील, रेवणसिद्धप्पा. लिंगैक्य होऊन त्यांना सात वर्षं झाली. काखेतली चौकट म्हणजे त्यांचा हार घातलेला फोटो.

"मामा, देणगी तुमची. तुमच्या खात्यातून आली."

"पैसे माझे, नाव आप्पांचं. मठातल्या दासोहाला, अन्नदानाला बी मी आप्पांच्याच नावानं देतो. देवळाच्या फरशीवर बी त्यांचंच नाव हाय. आता इथंच माझं घालून मी काय बापापेक्षा मोठा झालो का?"

मी विनवलं. मी त्यांना देणगीदार या शब्दाची व्याख्या समजावली. रांगेतल्या लोकांनी ती ऐकून घेतली आणि मामांच्या बाजूनं उभे राहिले. "बापाचं नाव काढू नये व्हय पोरानं!" असं कुणीतरी म्हणालं. मामांनी सदऱ्याच्या खिशातून आप्पांचं कार्डही काढलं. मी हट्टानं म्हणाले, "ठीक आहे. प्रणालीच सांगेल." शास्त्रावर माझा विश्वास होता.

मामांनी चौकटीचा हार अदबीनं काढून खुंटीला लावला. चौकट कॅमेऱ्यासमोर धरली. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया मान डावीकडे वळवा." मामांनी चौकट डावीकडे वळवली. "कृपया मान उजवीकडे वळवा." चौकट उजवीकडे.

नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्के. ओळख पटली.

मी तीनदा तपासलं. मग कारण कळलं. आप्पांनी आयुष्यात एकच फोटो काढला होता, कार्डाचा. गेल्यावर तोच मोठा करून चौकटीत घातलेला. प्रणालीच्या दृष्टीनं आमच्या सगळ्या देणगीदारांत आप्पांइतका स्वतःसारखा दिसणारा माणूस दुसरा नव्हता.

"आत्या, हे चालणार नाही," मी म्हणाले.

"यंत्र काय म्हणलं?"

"पटली म्हणालं."

"मंग तू का भांडायलीस? संगप्पा हितं समोर हुबा हाय. पैसे त्याचे, पुण्य बापाचं. हेच्यात अनोळखी कोण हाय सांग?"

मी किशनरावकाकांकडे बघितलं. निदान कोषागार माझ्या बाजूनं असेल असं वाटलं होतं. काकांनी पेपरमधलं कात्रण काढून सावकाश वाचलं.

"मसुद्यात," ते म्हणाले, "हयातीची अट न्हाई."

मी वहीत आप्पांच्या नावापुढं 'ओळख पटली' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात टीप लिहिली. आजवर ती कुणी वाचलेली नाही.

हे सगळं एकवेळ निभावलं असतं. खरा पेच संध्याकाळी उघडा पडला. एकेचाळीस देणग्यांपैकी सतरा एकाच माणसाच्या खात्यातून आल्या होत्या: रविकिरण, बसस्टँडमागचा मोबाइल शॉपीवाला.

यात काही गूढ नाही. आमच्याकडे ज्यांच्या फोनमध्ये पैसे पाठवायची सोय नाही, किंवा आहे पण मुलगा म्हणाला 'आई, त्याला हात लावू नको', ती माणसं रविकिरणकडे रोख देतात आणि तो स्वतःच्या खात्यातून पाठवतो. विजेचं बिल, भिशी, नातवाचा वाढदिवस, सगळं असंच जातं. कागदोपत्री बघाल तर उदगीरमधल्या निम्म्या नातवांचा आजोबा रविकिरण आहे. त्याचं वय सत्तावीस.

पण अण्णांना कुठूनतरी हे कळलं. (गिरणीवर ओरडून बोललं जातं, हे मी वर सांगितलंच आहे.) दुसऱ्या दिवशी भोंग्यावर रविकिरण आला. "कोण हा रविकिरण? सतरा देणग्या! मोबाइलच्या काचा बदलणाऱ्याकडं एवढा पैसा कुठून?" एका स्थानिक यूट्यूब वाहिनीनं त्याच्या दुकानासमोर उभं राहून, कॅमेरा हलवत, 'उदगीरचा गूढ धनिक' अशी बातमी केली. तिला रविकिरणच्या दुकानातल्याच वायफायवर बसून मी शिव्या दिल्या.

बातमी लातूरला पोचली. तिसऱ्या दिवशी तिथून एक पाहुणे जीप करून रविकिरणला बघायला आले. मुलगी फार्मसी झालेली. त्यांनी पोहे खाल्ले, दुकान बघितलं, "राजकारणात पडायचा विचार हाय म्हणं?" असं विचारलं आणि 'कळवतो' म्हणून गेले. रविकिरणची आई आत्याकडे येऊन म्हणाली, "ताई, तुमी कायबी करा, पण चार दिवस त्याला गरीब म्हणून जाहीर करू नका."

आत्यानं हे मान्य केलं नाही. तिनं गल्लीत निरोप धाडला: रविकिरणकडून देणगी पाठवणाऱ्यांनी येऊन तोंड दाखवावं. लोक येत गेले. देगलूर नाक्यावरचा पंक्चरवाला आला, केळीवाल्या मावशी आल्या, शाळेतले शिपाई आले, मान डावीकडे आणि उजवीकडे वळवून गेले. सोळा झाले. सतरावी देणगी एकशे एक रुपयांची, तिचं कुणी येईना.

मी दुकानात गेले. रविकिरण कुणाच्या तरी फोनच्या पोटात चिमटा घालून बसला होता.

"सतरावा कोण?"

"न्हाई सांगणार."

"अरे, आत्याचा अर्ज जाईल!"

"ठाऊक हाय की. पण देणाऱ्यानं शपथ घातली. गुप्तदान हाय म्हणले." त्यानं चिमटा खाली ठेवला. "सृष्टीताई, या दुकानात लोक मला फोनचा पासवर्ड सांगून जातात. बायका, नवरे, पोरं, समदे. मी एकाचं नाव फोडलं तर उद्यापासून मला काचाच बदलायला लागतील."

मी शास्त्रीय पद्धतीनं वजाबाकी केली. ती देणगी आली त्या दिवशी दुकानात आलेल्यांपैकी ज्यांनी दिलं ते वगळले, ज्यांनी अण्णांचा झेंडा लावला ते वगळले, आणि उरलेल्या नऊ जणांच्या घरी जाऊन चौकशी केली. नवांपैकी चौघांनी चहा दिला, तिघांनी माझ्या नोकरीचं विचारलं, एकानं स्थळ सुचवलं, आणि एक आजी म्हणाल्या, "दिलं न्हाई माय, पण आता एवढं हिंडायलीस तर देते." देणगी घेऊ नये असं मी त्यांना समजावून आले. आधीच एक अनोळखी होता, त्यात बेचाळिसावा नको होता.

अर्ज मागं घ्यायचा दिवस उजाडला. ओट्यावर सगळे जमले. आत्यानं गिरणी सुरूच केली नव्हती, त्यामुळे सवयीनं ओरडणाऱ्या माणसांचा आवाज फारच मोठा वाटत होता.

"हे बगा," किशनरावकाका म्हणाले, "मी म्हणतो ते एकशे एक मीच दिले. माझा चेहरा पेन्शनसाठी दरसाल पटतो."

"मी पण म्हणतो," पंक्चरवाला म्हणाला.

"आमच्या अव्वाचा, आईचा बी फोटो हाय," संगप्पामामा म्हणाले.

"गप बसा!" आत्या म्हणाली. "खोटंच पटवायचं असतं तर अण्णा काय वाईट होता? जात्यावर हात ठिवला मी. याच जात्यावर तुमी समदे दळण आणता." मग म्हणाली, "नाली तुंबली तर तुंबली. आपण वरनं फळी टाकू."

तिनं चेहरा धुतला. निळी इरकल नेसली. मला ते बघवेना, म्हणून मी फोन शंभर टक्के चार्ज केला.

निवडणूक कार्यालयाच्या आवारात आम्ही सगळे, रविकिरणसकट, सव्वादोनला पोचलो. अण्णा आधीच आले होते. सोबत हलगी, गुलाल, आणि झेंडूचा एक हार, जो धरायला दोन माणसं लागत होती. जीपमध्ये ऋतुजावहिनी बसल्या होत्या. बिनविरोध निवडून आल्यावर त्यांना बाहेर काढायचं होतं. मला बघून अण्णा हसले.

"काय सायंटिस्ट? पटली का वळख?"

"एकेचाळीसपैकी चाळीस," मी म्हणाले. मला खोटं आकडेवारीत बोलता येत नाही.

"आणि एकेचाळिसावा?" अण्णांनी हलगीवाल्याला थांबवलं आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं विचारलं, "सांगा की नाव! का पाकिस्तानातून आले एकशे एक रुपये? त्या माणसानं तोंड का दाखवू नये? बापाची अवलाद असंल तर म्होरं यावं!"

आत्या पायरी चढायला लागली.

"थांबा हो, शिवगंगाताई," मागून आवाज आला.

ऋतुजावहिनी जीपमधून उतरल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, पर्समधून कार्ड काढलं आणि माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "कुठं बघायचं?"

मला आधी कळलंच नाही. रविकिरणनं मात्र जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

मी फोन वर धरला. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया मान डावीकडे वळवा." वहिनींनी मान डावीकडे वळवली. डावीकडे अण्णा उभे होते. "कृपया मान उजवीकडे वळवा." ती मात्र वहिनींनी जरा उशिरा वळवली.

चौऱ्याण्णव टक्के. ओळख पटली.

"अगं," अण्णा म्हणाले. त्यांनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा वहिनींकडं. मग, "तू? तिला? तू तिच्या विरोधात हुबी हायस!"

"मी कुठं उभी आहे? तुम्ही उभं केलंत. गॅसचं केवायसी राहिलंय म्हणून सह्या घेतल्यात माझ्या. मला वाटलं, सिलिंडर येईल. फलक आला. माझी ओळख कुणी विचारली त्या वेळेस?" वहिनींचा आवाज शिवणक्लासातला होता, मापं सांगतानाचा. "क्लासच्या पोरी रोज त्या नालीवरून उड्या मारून येतात. दोघी पडल्या. तुम्हाला सांगितलं तर 'बघू' म्हणालात. ताईंनी निदान विचारलं तरी, की नाली कुणाची."

"अगं माय," आत्या म्हणाली, "मंग आदी सांगायचं न्हाईस का? आठ दिवस झोप न्हाई मला!"

"गुप्तदान होतं, ताई. सांगणारच नव्हते. पण तुम्ही खरंच अर्ज मागं घ्यायला निघालात." वहिनींनी कार्ड पर्समध्ये ठेवलं. "मग मी निवडून आले असते की हो!"

आणि त्या पायऱ्या चढून आत गेल्या, त्यांच्यामागं आत्या. अण्णा मागं धावले, पण दारावरच्या हवालदारानं त्यांना अडवलं. आत फक्त उमेदवार. ओळखपत्र दाखवा. अण्णांनी आपण कोण आहोत ते सांगितलं. हवालदार म्हणाला, "असाल हो. पण कार्ड?" ते जीपमध्ये राहिलं होतं.

आतली हकिगत आम्हाला आत्यानं सांगितली. लिपिकांनी वहिनींना तीनदा विचारलं, स्वखुशीनं ना? वहिनींनी तीनदा हो म्हटलं आणि सही करण्याआधी स्वतःच्या माघारीचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. लिपिक म्हणाले की वाचून सही करणारा उमेदवार त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

बाहेर हलगीवाल्यानं विचारलं, "वाजवू का? पैसे घेतलेत आगाऊ." सगळे दाराकडं बघत होते, म्हणून त्यानं वाजवली. झेंडूच्या हाराचं काय करायचं कुणाला सुचेना. आत्या घालून घेईना. दुसऱ्याचा हार, म्हणाली. वहिनींनी तर घरचा रस्ता धरला होता, क्लासची वेळ झाली होती. शेवटी संगप्पामामांनी तो हार दोघांच्या हातून घेतला. आप्पांची चौकट ते सोबत घेऊनच आले होते, वेळ पडली तर असावी म्हणून. त्यांनी तिला हार चार वेढ्यांत घातला. फोटोतल्या आप्पांचे फक्त डोळे दिसत होते.

लातूरच्या पाहुण्यांनी अजून कळवलेलं नाही.

रात्री मी वही पूर्ण केली. उमेदवार एक. देणगीदार एकेचाळीस. ओळख पटली, एकेचाळीस. पैकी हयात, चाळीस.